एक बोट अंतर

आमच्या घरात परातीतलं पीठ सगळंच पोटात जायचं नाही. सकाळी माय कणीक मळायला बसली की अंगणातून अण्णांची हाक यायची, "दोन लिंबाएवढी बाजूला ठेव गं, मीठ घालायच्या आधी." आणि माय रोज एकच उत्तर द्यायची, "गाड्यांना जेवू घाला. लेकरं राहू द्या उपाशी." लेकरं म्हणजे मी एकटी, आणि उपाशी मी आयुष्यात कधी राहिले नाही. माझ्या अंगावरून ते कुणालाही कळलं असतं. पण मायला बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही. बोलता बोलता ती दोन गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवायची. ते माझं काम होतं, उचलायचं आणि अण्णांकडं न्यायचं.

अण्णा गाड्यांचे मिस्त्री. पण जन्मापासून नव्हे. देवगाव रंगारीला असताना ते विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतलं कुठलंही इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मग लागोपाठ पाऊस रुसला, विहिरी तळाला गेल्या. विहिरीत पाणीच नाही तर वरचं इंजिन कोण चालवणार आणि बिघडणार तरी कसं? अण्णांनी पान्यांची पेटी उचलली, मायनं जातं सोडून बाकी सगळं बांधलं, आणि आम्ही शहराच्या कडेला येऊन पत्र्याच्या दोन खोल्यांत राहिलो. जात्यासाठी माय वर्षभर हळहळली. चौफेर बांधकामं चाललेली. दिवसभर खडी फोडल्याचा आवाज, कारखान्याचा भोंगा, आणि वाऱ्यानं पत्रा थडथडायचा तो वेगळाच. गावात दुष्काळ आणि इथं नवीन नवीन इमारती, हे मला तेव्हा अजब वाटायचं. आता वाटत नाही. गावं रिकामी झाली तीच माणसं इथं खडी फोडत होती.

गाड्यांचं काम अण्णा इथं येऊन शिकले, आणि त्यांची एक रीत होती जी मी नंतर फार कमी मिस्त्र्यांकडं पाहिली. नवा पार्ट हातात आला की ते आधी त्याच्याकडं बघायचेच नाहीत. आधी त्याच्या शेजारी कोण कोण आहे ते बघायचे. "पार्ट काय, कुणीबी बसवील," म्हणायचे, "बसवताना शेजारचं किती मोडलं ते बघ." रेडिएटरसमोर आधी गोणपाट अडकवायचं, त्याच्या आत पुठ्ठा, म्हणजे पाना निसटला तरी जाळीला लागत नाही. बॅटरीची तार काढायची. रबराचा पाइप स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचा नाही, हातानं पिळून पिळून सैल करायचा. काढलेले बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातच खोवायचे, जिथला बोल्ट तिथंच, कारण बाहेर बनलेल्या पार्टाबरोबर येणारा बोल्ट कधी अर्धा सूत लांब असतो आणि आत जाऊन भलत्याच गोष्टीला टोचतो. जुना आणि नवा पार्ट मांडीला मांडी लावून बसवल्यासारखे शेजारी ठेवायचे, आणि बोटांनी चाचपत राहायचे. गिऱ्हाईक कंटाळायचं. अण्णा कंटाळायचे नाहीत. आजकाल माझी नात फोनवर बघून गाडीचं एअर फिल्टर बदलते आणि वरून मला शिकवते. मी तिला एवढंच विचारते, शेजारचा पाइप बघितला का? ती डोळे फिरवते.

आता कणकेचं सांगते. पंखा आणि रेडिएटरची जाळी यांच्यामध्ये किती जागा राहिली हे काडीनं मोजता येतं, पण काडी एकाच जागेचं खरं सांगते, आणि पाती वाकडी असतात. अण्णा कणकेचा गोळा पातं आणि जाळी यांच्यामध्ये सरकवायला लावायचे. तो दबायचा, मग अलगद ओढून काढायचा. उरली ती जाडी म्हणजे अंतर. चारही पात्यांचे चार तुकडे ओळीनं फळीवर. एक बोट जाडी आली तर ठीक. कमी आली तर पंखा पुन्हा उतरवायचा, त्याच्या मागची लोखंडी चकती काढायची, आणि सगळं परत. ते सरकवायचं काम माझं, कारण अण्णांचा पंजा त्या फटीत जायचा नाही आणि माझा जायचा. मॅट्रिकला गणितात मी आपटले होते. माय शिवणक्लासचा घोशा लावून बसली होती. अण्णा म्हणाले, "हात बारीक हाय तिचा, चार दिवस राहू द्या." चार दिवसांचं वर्ष झालं.

पण हाताचं निमित्त होतं. खरी गोष्ट आमच्या तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. अण्णांना जवळचं दिसेनासं झालं होतं. लांबून येणारी गाडी दिसायची, हातातला नट दिसायचा नाही. डोळ्यांत दुधासारखं काही उतरत होतं. वेडावाकडा पडलेला पाना ते चाचपून उचलायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, काय सराईत माणूस आहे, बघतसुद्धा नाही. आम्हीही तसंच वाटू द्यायचो. मी कणकेचा तुकडा त्यांच्या हातात दिला की ते दोन बोटांत धरून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या पात्याला कमी हाय." ते त्यांचं बघणं होतं.

मग ते मिलोचं वर्ष आलं. ज्यांनी ते खाल्लंय त्यांना सांगायला नको. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली, तिला मिलो म्हणायचे. तिची भाकरी तव्यावर टाकताना हातातच भेगाळायची. माय तिला थापटायची कमी आणि शिव्या द्यायची जास्त. गव्हाचं पीठ घरात महिनोन्महिने नव्हतं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी ती लाल भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री तीच भाकरी कुस्करून ताकात, ताक मिळालं तर. आणि पाणी? आमच्या गल्लीत पाणी यायचं ते युसूफचाचांच्या टँकरनं. मिलिटरीतून भंगारात काढलेला ट्रक, त्यावर टाकी बसवलेली. एक दिवसाआड भोंगा वाजवत वळणावर यायचा आणि बाया हंडे-कळश्या घेऊन धावायच्या. चाचा लई लांब एका विहिरीवरून भरून आणायचे. सगळ्या गल्लीचं पिणं, रांधणं त्या एका ट्रकावर होतं.

त्या ट्रकाचा वॉटर पंप गेला, रेडिएटरचं पाणी इंजिनात फिरवणारा, ज्याच्या नाकावर पंखा बसतो तो. खाऱ्या पाण्यानं तो आतून खाऊन टाकला होता. मूळ पार्ट मिळायची सोयच नव्हती. चाचा शहागंजाच्या बाजारात दोन दिवस हिंडले आणि कुठल्याशा कारखान्यात बनलेला तसाच दिसणारा पंप घेऊन आले. "मिस्त्री, इसकूच बिठाओ. दूसरा नक्को पूछो, हैच नहीं," म्हणाले. गल्लीला तीन दिवस पाणी नव्हतं. अण्णांनी दोन्ही पंप फळीवर ठेवून चाचपले. बराच वेळ. मग हळूच मला म्हणाले, "इंदे, ह्याचं नाक जरा लांब हाय. पंखा पुढं येणार. नीट माप."

दुपारचं ऊन पत्र्यावरून परत तोंडावर येत होतं. पंप बसला, पंखा चढला. गोणपाटाच्या मागं हात घालून मी मापायला बसले. फळीवर मायनं मिलोच्या पिठाचा गोळा ठेवला होता, तोही कुरकुरत. मी तो सरकवला, ओढला, आणि अर्धा आतच राहिला. पुन्हा केला, पुन्हा भुगा. तिसऱ्यांदा थुंकी लावून जुळवला, बाहेर आला तो तीन तुकड्यांत. गल्लीच्या तोंडाशी बाया रिकामे हंडे मांडून बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी पारूमावशीचा आवाज यायचा, "झालं का गं बाई, की उद्या येऊ?" पारूमावशी आमच्या समोर राहायच्या, रांगेत कायम पहिल्या, आणि गल्लीत त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. माझं डोकं तापलं. मायकडं जाऊन दुसरं पीठ मागावं, तर ती म्हणणार नासाडी केली. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा चुलीपाशी जाऊन काही विचारणं कमीपणाचं वाटायचं. मी गाड्यांची कामं करणारी, मला कोण शिकवणार?

अण्णांनी हात पुढं केला. "तुकडा दे."

"तुटला," मी म्हणाले. "पण एक बोट होता. चारीला."

"नक्की?"

"व्हय. नक्की."

त्यांनी हात मागं घेतला. माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी गाडी सोडली ती पहिल्यांदा. "चला चाचा, पाणी भरा," म्हणाले. गाडी सुरू झाली, पंखा सुळसुळ फिरला, कुठं काही घासलं नाही. माझ्या मनात आलं, बघा, एवढ्याशा पिठासाठी उगाच सगळं. चाचा विहिरीकडं गेले. मी भाकरी खाल्ली. अर्धी जास्तच खाल्ली.

संध्याकाळी उतरत्या उन्हात चाचा पायी आले. भोंगा नाही, ट्रक नाही. नाक्याच्या उतारावर एक म्हैस आडवी आली, भरल्या गाडीला करकचून ब्रेक मारला, आणि इंजिन बसतं ती रबरं झिजलेली असल्यानं सगळं इंजिन जरा पुढं सरकलं. जरासंच. पण पंखा जाळीत शिरला. "मिस्त्री, तुम्हारा पंखा मेरा रेडिएटर खा डाला," चाचा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही गेलो. ट्रक उतारावर तिरका उभा, पुढून पाणी ठिबकून मातीत मोठा काळा डाग पडलेला. पाठोपाठ सगळी गल्ली. अण्णांनी बॉनेटमध्ये हात घातला, फाटलेल्या जाळीवर बोटं फिरवली. बोटाला कापलं तरी फिरवत राहिले. मग परत जागेवर आलेल्या इंजिनाचं पातं आणि जाळी यांच्यामध्ये करंगळी घालून बघितली. गेली नाही. मला कळलं की त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं मान वळवली, पण बोलले ते चाचांशी.

"माझी चूक, चाचा. मला जवळचं दिसत नाय. वरीस झालं. मी लपवलं."

 मग एकदम सगळे बोलले. "आँख नहीं तो गाड़ी कायकू लिए मिस्त्री? बोलना था ना मेरेकू," चाचा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा वाईट वाटलेलं जास्त होतं. पारूमावशी म्हणाल्या, "न दिसणाऱ्यानं असली कामं घेऊ नयेत ओ. गल्लीचं पाणी हाय हे." मागून कुणीतरी म्हणालं, यांच्याकडं आता कोण गाडी देणार. अण्णा मान खाली घालून कापलेलं बोट धोतराला पुसत उभे होते. ज्या माणसानं वर्षभर ती एक गोष्ट जिवापाड जपली, त्यानं ती माझ्यासाठी सगळ्यांसमोर टाकून दिली होती. आणि मी गप्प राहिले असते तर ते खरंच ठरलं असतं. अण्णांचा धंदा तिथंच, त्या नाक्यावर, संपला असता. आज एवढी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझे कान गरम होतात.

मी बोलले. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता, पण त्या दिवशी चिरका निघाला. "अण्णांनी नाही मापलं. मापायचं काम माझं. पीठ तुटलं म्हणून मी मापलंच नाही. एक बोट म्हणून खोटं सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, दोनदा मी खोटं सांगितलं." बोलून झाल्यावर मला रडू फुटलं, आणि मी रडले, ते लपवत नाही.

माय हंडा घेऊन गर्दीत उभी होती. मला वाटलं आता थोबाडीत बसते. ती पुढं आली, माझ्या गालाऐवजी माझ्या डोक्यावर हंडा ठेवला आणि चाचांना म्हणाली, "टाकी तर भरलेली हाय ना? नळ उघडा." चाचांनी टाकीवर थाप मारून बघितली. मग म्हणाले, "हौ. बात तो सही है. पहले पानी उतारो, फिर झगड़ो." नाक्यापासून गल्ली दोन फर्लांग असेल. अख्खी गल्ली हंडे घेऊन वर-खाली चालली. मी किती खेपा केल्या मोजल्या नाहीत. म्हाताऱ्यांच्या घरचं पाणी मी भरलं, पारूमावशींचंही भरलं. त्या वाटभर मला बोलत होत्या आणि माझ्या डोक्यावरची चुंबळ सरळ करत होत्या.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवला. शहागंजात पत्र्याला डाग देणारा एक कारागीर होता, त्याच्याकडं मी तो डोक्यावर घेऊन गेले आणि फाटलेल्या नळ्या जुळवून आणल्या. झिजलेल्या रबरांच्या जागी अण्णांनी जुन्या टायरचे तुकडे कापून बसवले, माझ्याकडून कापून घेतले. सगळं होईस्तोवर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाना दे, गोणपाट धर. संध्याकाळी पंखा चढला आणि मी फळीवर हात ठेवून बसले. पीठ मागायला तोंड नव्हतं. माय आपणहून चुलीपाशी बसली, पाण्याला उकळी आणली आणि त्यात मिलोचं पीठ टाकून झाकण ठेवलं. "थंड पाण्यात मिलो कधी जुळतो व्हय?" म्हणाली. "उकड काढावी लागती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." तो गोळा गरमागरम, चिवट. मी चार पात्यांना चार वेळा सरकवला, चारही अख्खे बाहेर आले. मी ते अण्णांच्या हातावर ठेवले. त्यांनी डोळे मिटले.

"कमी हाय," म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "अर्धंच बोट आहे."

पंखा परत उतरवला, मागची चकती काढली, परत चढवला. परत उकड, परत चार तुकडे. मग अण्णा चाचांच्या शेजारी गाडीत बसले आणि म्हणाले, "त्याच उतारावर चला. मारा ब्रेक." चाचांनी एकदा मारला, अण्णा म्हणाले अजून जोरात. तीनदा. मी बॉनेटच्या बाजूला फुटबोर्डवर लटकून कान लावला होता, आणि पंख्याचा सरळ, कशालाही न शिवणारा आवाज ऐकत होते. जाळीला कुठं ओरखडा नव्हता. चाचा उतरले आणि मला म्हणाले, "बेटी, तू चुप रहती तो मैं गाड़ी तुमकू नहीं देता था. सच बोलके रोई तू, तो दिया." मला तेव्हा तो हिशेब कळला नाही. अजूनही अर्धाच कळतो.

पुढं अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोठ्या दवाखान्यात, आणि त्यांना हातातला नट दिसायला लागला. मी पुन्हा मॅट्रिकला बसले, गणित सुटलं, आणि तरी गाड्यांपाशीच राहिले. ते सगळं नंतरचं. पण ऑपरेशनच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिलाय.

नाक्यावरच्या त्या प्रकारानंतर महिना-दीड महिना आमच्या अंगणात गाडी आली नव्हती. अण्णांना दिसत नाही हे आता सगळ्या रस्त्याला माहीत होतं. माय शिवणक्लासचं नाव काढत नव्हती, ते मला जास्त लागत होतं. आणि एक दिवस वेरूळला उतारू नेणारा एक जीपवाला आला. अनोळखी माणूस, चाचांनी पाठवलेला. त्याला डायनामोचा पट्टा आणि पंप दोन्ही बदलायचे होते. त्यानं काम सांगितलं, आणि मग अण्णांच्या डोळ्यांकडं बघत घुटमळला. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मिस्त्री, राग नका मानू," म्हणाला, "पण मी ऐकलंय की तुम्हाला दिसत नाय. आणि ही पोरगी, हिनंच मागल्या वेळी..."

"हिनंच," अण्णा म्हणाले.

"मग गाडी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मी तोवर जीपच्या बॉनेटमध्ये वाकून पट्टा बघायला नट सैल करत होते. मला अण्णांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना माझा दिसायचा प्रश्नच नव्हता.

"तिच्याच," अण्णा म्हणाले. "चुकली तर सांगती ती."

जीपवाल्यानं पान थुंकलं. मग त्यानं किल्ली फळीवर ठेवली. मी मात्र मान वर केली नाही, सैल झालेलाच नट सैल करत राहिले.